नमुना क्रमांक सतरा

प्रकरण तिसरं : स्थानिक प्रसिद्धीचं आयुर्मान.
गाईड म्हणाले, आधी व्याख्या पक्की करा.
मी लातूरला निघालो,
व्याख्या घेतली, चार्जर विसरलो.

सुचेता बिरादार. केमिस्ट्रीत शंभरपैकी शंभर.
औसा रोडला क्लासच्या होर्डिंगवर
वीस फुटांचं तोंड,
गळ्यात हार, ओठांत अर्धा पेढा.
लोक ओळखायचे का?
“एकदा. एसटीच्या कंडक्टरनं.
सुट्टे नव्हते माझ्याकडं, तरी तिकीट फाडलं.
म्हणला, पोरीला सांगतो तुझं नाव.”

आता ती उदगीरला लॅबमध्ये
रक्ताच्या नळ्यांवर दुसऱ्यांची नावं चिकटवते.
प्रश्न अकरावा तिनं दोनदा वाचला :
आपण विसरले गेलो, हे प्रथम कधी जाणवलं?
पेन परत दिला.
“हे क्लासवाल्याला विचारा.
पुढच्या साली त्यानं हार तोच ठेवला,
पेढा तोच,
मानसुद्धा माझीच.
तोंड तेवढं नवं बसवलं.”

अन् जुनं?
“आण्णांनी मागून नेलं.”

गावी गेलो. कडब्याच्या गंजीवर ताणलेलं,
चारी कोपऱ्यांना दगड.
डोळे उन्हानं खाल्लेले. हनुवटीवर कोंबडी.
पेढा मात्र बराचसा शाबूत.
आण्णा कौतुकानं थाप मारून म्हणाले,
“माल चांगलाय बगा. सात पावसाळे झाले, अजून गळंना.”

तक्त्यात एक रकाना होता : प्रभावाचा कालावधी.
मी सात लिहिलं.
मग खोडून
‘चालू’.
गाईडला हे पटणार नाही.