तुलना करा (गुण दहा)

आरोंद्याच्या शाळेत सहामाहीला प्रश्न आला:
शेजारच्या दोन देशांची तुलना करा.
उगवेकर गुरुजींना हवे होते चीन, ब्रह्मदेश.
मला खिडकीतून दिसत होतं पालये,
खाडीपलीकडचं, पाखल्यांचं.

लिहिलं: जमीन. आमच्यात जांभा, त्यांच्यातही जांभाच.
भरतीला त्यांचे शेवटे आमच्या मानशीत शिरतात,
ओहोटीला उरलेले परत जातात.
त्यांच्यात पाव, आमच्यात भाकरी.
त्यांच्या शिपायाला मिशा, आमच्याला खोकला.
रवळनाथ दोन्हीकडे;
त्यांच्याकडे वर एक सायबीण.
हूद मासा तिकडे धरतो,
इकडच्या खडपावर बसून खातो,
खवले टाकून जातो.
त्याच्याकडे कुणी पास मागत नाही.

आमची शेवंती आत्या तिकडे दिलेली.
पास बंद झाले तेव्हापासून
आजी तिन्हीसांजेला धक्क्यावर येते,
आत्याच्या तुळशीतला दिवा बघते,
"आसा," म्हणते, आणि भात टाकायला जाते.
हे संस्कृतीत येतं का माहीत नव्हतं,
म्हणून समासात लिहिलं.

तीन गुण मिळाले.
नकाशाखाली लाल शाईत शेरा:
खाडी फारच अरुंद काढली आहे.

खरी केवढी ते मोजायला गेलो,
तर तर बंद.