हुक

दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा.
एक मशीन, एक आरसा, खिळ्यांवर पिशव्या,
पिशवीवर खडूनं नाव.
तांडापेठेतले माग बंद पडले तेव्हापासून
माझी मशीन आणि बाजूच्या पंक्चरवाल्याची हवा
एवढेच आवाज गल्लीत. बाकी बोलणं.

मे महिन्यात दुपारी बाया येतात,
कूलरपुढं बसतात, वाळ्याचा ओला वास घेतात.
फॉल लावायला आणलेली साडी नुसतं निमित्त.
मी मापं घेते. छाती, कंबर, बाही.
कोण किती वाळलं, कोणाच्या दंडावर निळं पडलं,
माझ्या बोटांना आधी कळते.
तीस वर्षं ते बोटांतच ठेवलं.

त्या दिवशी नाही ठेवलं.
दातानं धागा तोडता तोडता म्हणाले,
"कुमुद हेडाऊला रात्री साडेअकराला
कोण सोडून राहिलं वो गाडीवर?"

बस. विचारलंच फक्त.
शेवटी प्रश्नचिन्ह होतं, मला चांगलं आठवते,
ब्लाऊजच्या हुकासारखं, बारीक, वाकडं.
निमजेबाईंनी ते घरी नेलं.
गोळीबार चौकापर्यंत हुक गळाला.
पाचपावलीला पोचेस्तोवर
वाक्याला एका माणसाचं नाव लागलं,
सकाळी पोह्याच्या ठेल्यावर, वरून तर्री ओतून,
लोकांनी ते दोन-दोन प्लेटा खाल्लं.
आठ दिवसांनी माझ्याच दुकानात परत आलं,
एवढं अंगानं भरलेलं की ओळखू आलं नाही.
मी म्हटलं, "काय सांगता बाप्पा!"
डोळे मोठे करून. खरंच म्हटलं.

कोणी मारलं नाही तिला. शिवीही नाही दिली.
नळावर तिची गुंडी शेवटी लागायला लागली, इतकंच.
हळदीकुंकवाला बोलवायचं राहून गेलं.
पोरीला पाहायला उमरेडहून येणार होते,
त्यांच्याकडं कोणाची तरी तब्येत बिघडली,
ती अजून सुधारली नाही.
पोरगी माझ्याकडं पिको शिकत होती.
एका सकाळी आली, कात्री जागेवर ठेवली,
टेप गुंडाळून ठेवला, गेली.

आता खरं काय होतं, ते विचारू नका.
मला कळलं आहे. सांगणार नाही.
खरं सांगितलं तरी ते माझ्या तोंडून
पुन्हा तिच्याबद्दल बोलणंच होईल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली.
छतांवर माणसं, खाली गुलाल,
जो तो ओरडून राहिला, घेऊन जा गे मारबत,
डेंग्यू घेऊन जा, महागाई घेऊन जा.
निमजेबाई माझ्या खांद्याला धरून
घसा बसेपर्यंत ओरडल्या.
मीही तोंड उघडलं.
काय घेऊन जा म्हणू?
पुतळा पुढं सरकला, मागून रेटा आला,
माझी एक चप्पल तिथंच राहिली.

दिवाळीच्या आधी हेडाऊंच्या दाराला कुलूप दिसलं.
हिंगण्याकडं गेले, म्हणतात.
कोण म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे.
तिचं मोरपंखी ब्लाऊज खिळ्यावर आहे.
हुक लावायचे राहिले. पाच.
दोनदा सुई ओवली, दोनदा काढून ठेवली.

काल नवी भाडेकरीण आली, माप द्यायला.
हात वर करून उभी राहिली अन्
आरशातून म्हणाली,
"त्या कुलूपवाल्या घरात कोण होती वो?
तिचं काही तरी होतं म्हणे."

मी टाचण्या तोंडात धरल्या.
एक. दोन. चार.
मान हलवली असती तर तेही सांगणंच होतं,
म्हणून मानही नाही हलवली.
तिच्या पाठीवर टेप धरून उभी राहिले,
जिभेवर लोखंडाची चव.
तिनं वाट पाहिली. मग हात खाली घेतले,
पिशवी उचलली, पायरीवर थांबली.

आतापर्यंत ती निमजेबाईंकडं पोचली असेल:
शिंपीणबाई काही बोलल्याच नाही वो,
तोंड असं घट्ट मिटून घेतलं.
म्हणजे असेलच काही तरी.