विस्तव

नोव्हेंबरच्या तेविसाव्या दिवशी सूर्य
डोंगरामागून नुसतं कपाळ दाखवून जातो,
मग दोन महिने त्याचा पत्ता नाही.
इथे फिनमार्कमध्ये त्याबद्दल कुणी रडत नाही.
लोक गाडीचे टायर बदलतात,
माशाच्या तेलाची बाटली हाताशी आणून ठेवतात.

मी रस्त्यावरचा बर्फ लोटते.
पहाटे चारला ट्रक काढते, टपावर पिवळा दिवा गरगरत असतो;
तो उजेड नगरपालिकेचा.
माझा उजेड सात वाजता, घरी आल्यावर.

आईचा नियम होता: न्याहारीला एक मेणबत्ती.
लायटर नाही, काडीच. आणि काडी एकच.
विझली तर दुसरी ओढायची नाही,
शेजारून विस्तव मागून आणायचा.
वापरलेली काडी खिडकीतल्या बरणीत टाकायची.
बरणी लिंगनबेरीच्या मुरंब्याची,
झाकणाला अजून लाल डाग.

लहानपणी मला वाटायचं, बाई कंजूष आहे.
बोर्गहिल्ड. मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुरी चालवलेली,
बोटं कायम गार.
काडी ओढताना ती श्वास धरायची,
कुणाचं झोपलेलं मूल मांडीवर असल्यासारखा.

ती गेली. नियम राहिला.
ब्रेडवर तपकिरी चीज, रेडिओवर बोटींसाठी हवामान,
आणि एवढीशी ज्योत.
तिच्यात कपाची कड दिसते, माझा अंगठा दिसतो,
समोरची खुर्ची अर्धीच दिसते.
तेही बरंच आहे.

डिसेंबरच्या अठरा तारखेला वादळ होतं.
काडी ओढली, दाराच्या फटीतून फुंकर आली,
संपलं.
खोलीत फक्त फ्रिजची घरघर.
दुसरी ओढली असती तर कोण बघणार होतं?
हात पेटीवर गेला होता माझा, खोटं कशाला बोलू.

शेजारी म्हणजे एकच घर. आयलर्टचं.
माझ्या ट्रकच्या पात्याखाली त्याची नाव चिरडली होती.
बर्फात गाडलेली, मला दिसली नाही.
तो म्हणाला, दिसली.
चार वर्षं आमच्यातून विस्तव जात नव्हता.

कंदील घेऊन निघाले. विझलेलाच.
दीडशे पावलांची वाट,
त्यातली निम्मी वाऱ्याने परत घेतली.

स्वयंपाकघरात तो काळोखात बसलेला.
ओव्हनचं दार उघडं, आतला बल्ब तेवढा चालू,
मोज्यातले पाय उबेला लावलेले.
टेबलावर इस्पितळाचं पाकीट, न फोडलेलं.
मी म्हटलं, काडी विझली.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला,
तुझी आई एका हिवाळ्यात तीन-तीनदा यायची.
एकदा विचारलं मी, तुझ्याच काड्या कशा विझतात गं?
तर म्हणाली, जिभेवर ठेवून ओल्या करते.

तीन खण उपसून त्याला पेटी सापडली.
थांब, असं काही तो म्हणाला नाही,
पण किटलीत पाणी दोघांचं घातलं.
पाकीट मीच फोडलं, चष्मा त्याला सापडेना म्हणून.
नावेचा विषय निघाला नाही.

परतताना दारापासून दहा पावलांवर
वाऱ्याने कंदील घालवला.
मागे वळून पाहिलं तर त्याच्या खिडकीत
ओव्हनपेक्षा जरा जास्त काहीतरी होतं.
ब्रेड मी अंधारात खाल्ला.

एकवीस जानेवारीला सूर्य आला, चार मिनिटं,
पाण्याच्या टाकीवर, लोण्याचं बोट पुसल्यासारखा.
शाळेने पोरं बाहेर सोडली होती, ती टाकीकडे बघून ओरडत होती.
आयलर्ट कुंपणाशी उभा होता, टोपी हातात.

घरी येऊन मी बरणी उपडी केली, काड्या मोजल्या.
अठ्ठावन्न.
त्यातल्या पाच जवळजवळ कोऱ्या.

वादळ एकदाच झालं होतं.