आउटबॉक्समध्ये एक

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून आमच्या घरात दोन बॅरल, एक हौद,
आणि तांब्या-भांड्यापर्यंत सगळं भरून ठेवायची सवय.
तर विनीतशेठ, मला विचारू नका
मी पत्रं कॉम्प्युटरात का साठवते.

तुम्ही म्हणता, ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका,
सगळी मेल तिकडे असते,
घरून, गावावरून, फोनवरून, कुठूनही दिसते.
तिकडे म्हणजे कुठे, मी विचारलं.
तुम्ही वर पाहिलंत.
वर पंखा होता
आणि पत्र्याला चिकटलेली टॉवेलची लव.

खरं आहे तुमचं, मी भांडत नाही.
मागच्या मेमध्ये, त्रेचाळीस अंशांत, वीज गेली,
यूपीएस तीनदा कोकलला आणि मेला,
तेव्हा डर्बनच्या पार्टीला तुम्हीच
रिक्षात बसल्या बसल्या फोनवरून भाव कळवलात.
आणि अक्कलकोट रोडला खोदताना केबल तुटली तेव्हा
अख्खी एमआयडीसी गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसली,
मी मात्र दोन हजार नऊची शेडकार्डं
शेंगा सोलल्यासारखी एकेक काढत होते.
म्हणजे हिशेब बरोबरीचा.
तुम्ही मालक, म्हणून तुमचं एक जास्त.

काल तुमचा तो पोरगा आला, सगळं हलवायला.
डाव्या कडेच्या यादीत, माझ्या नावाखाली,
इराबत्तीसरांचं खातं.
ते गेले त्या वर्षी पासवर्ड बदलला,
तेव्हापासून मिटलेलं.
पोराने बाणावर टिचकी मारली तसं उलगडलं:
आलेली, गेलेली, कचरा,
आणि आउटबॉक्स. कंसात एक.

रॉटरडॅमच्या पार्टीला होतं.
महोदय, आपल्या मालातल्या तिसऱ्या गाठीत
तेलाचे डाग आहेत. जहाज सुटल्यावर मला कळलं.
चूक आमची. गाठ बदलून देऊ, भाडंही आमचं.
सोबत चार फोटो.

चार फोटो. तेव्हाच्या मापात न बसलेले.
अरुंद जिन्यात कपाट अडकावं
तसं पत्र अडकून राहिलं.
सरांना वाटलं, गेलं.
रॉटरडॅमला वाटलं, फसवलं.
थोरल्या शेठना वाटलं, इराबत्तीने पार्टी घालवली,
आणि तसं ते एकदा सगळ्यांसमोर बोलले.
तुम्ही तेव्हा पुण्याला शिकत होता.
विंडिंगच्या बायका हातात बॉबिन धरून उभ्या राहिल्या.
"मी कळवलं होतं," सर म्हणाले.
"मग उत्तर दाखव," शेठ म्हणाले.
सरांनी डबा उघडला, कडक भाकरी मोडली.
तिचाच काय तो आवाज झाला.

पोरगा सांगतो, ताई, नवा पासवर्ड टाकला
की हे आपोआप जाईल.
नाहीतर थेट वेबवर जाऊ,
तिथे हा कप्पाच येणार नाही सोबत.
तिथे न गेलेलं पत्र असं काही नसतंच.

मी त्याला चहा सांगितला. दोनदा सांगितला.
बारा वर्षं झाली.
तो रॉटरडॅमचा माणूस अजून धंद्यात असेल?
नातवाला विचारेल, कुठली गाठ, कसले डाग?
की त्याने तेव्हाच त्या टॉवेलांची
फरशी पुसायची फडकी केली, आणि विसरला?
साखर पेठेत सरांच्या बाईंना हे कोण सांगणार,
आणि कुठल्या तोंडाने,
तेही मला माहीत नाही.

विनीतशेठ, वेबवर जाऊ आपण. मी अडवत नाही.
उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस,
मला यायला अकरा वाजतील.
तोवर नेटची वायर मी मागून काढली आहे
आणि पर्समध्ये घालून घरी घेऊन चालले आहे.
तुम्ही सकाळी माझ्या खुर्चीत बसा,
मागं बंद करायला सांगा,
आणि ते पत्र वाचा. मोठ्याने,
विंडिंगच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मग वायर देते.