डाव्या पायाची चप्पल

रुवीत, धरमसीच्या सोन्याच्या दुकानाला खेटून
तंकप्पनचं दुकान. गेमच्या कॅसेटी भाड्याने,
रात्रीचे तीनशे बैसा.
मांडणीवरचे खोके सगळे रिकामे,
आत मल्याळी वर्तमानपत्राचे बोळे.
खरे गेम फ्रीजमध्ये, ताकाच्या बाटल्यांमागे, कुलपात.
चोर गारठ्यात हात घालत नाही, तो म्हणायचा,
आणि हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय
असं त्याला कुणी विचारलं नाही.
ऑगस्टात कॅसेट बाहेर आली की तिला घाम फुटायचा.
मी ती गालाला लावून घरी न्यायचे,
अर्धा तास पंख्याखाली वाळवायचे,
तोवर भाऊ माझ्या नावाने शंख करायचा.

पाठीवर तापल्या सुईने कोरलेला आकडा.
स्क्रू दोन: एक चष्म्याचा, एक शिवणयंत्राचा,
वर लाल नेलपॉलिशचा थेंब.
हुदैफाने तो थेंब खरवडून
आतली पट्टी बदलली,
तेव्हापासून धरमसीचा तराजू आला.
जाताना वजन, येताना वजन.
बांगड्यांचं गिऱ्हाईक तसंच ठेवून
धरमसी भिंतीपलीकडून ओरडायचा:
शहाऐंशी ग्रॅम! घट नाही!

आणि अनामत म्हणून डावी चप्पल.
पैसे नकोत. पैसे कुणाकडेही असतात.
पोरं कचऱ्यातल्या चपला आणून द्यायला लागली
तसा तो उजवीशी जोडी लावून बघायला लागला.
मी भर उन्हात लंगडी घालत घरी आले,
आई पोट धरून हसली.
बाबा वर्कशॉपातून येऊन हात धूत होते.
माझा पासपोर्ट कंपनीच्या खणात आहे, म्हणाले,
तुझी चप्पल निदान उद्या मिळेल.
मग म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

विहिरीच्या गेमची तऱ्हा आणखी वेगळी.
खेळ जपून ठेवायला त्यात तीन कप्पे,
पहिला तंकप्पनचा.
इंग्रजी चार अक्षरांत नाव: सुमा.
वेळ: सात मिनिटं.
हा पुसायचा नाही, तो बजावायचा,
हा आत आहे तोवर कॅसेट माझी.
उघडून बघितलं तर
एक मुलगी विहिरीच्या काठाशी उभी.
नुसती उभी. पुढे गेलीच नव्हती.
सुमा कोण, विचारलं
तर तो पावती फाडायला लागायचा.

एका शुक्रवारी भावाशी झोंबताना बोट सरकलं
आणि पहिला कप्पा कोरा झाला.
भाऊ एकदम शहाणा होऊन गणितं घेऊन बसला.
मी बाबांचं घड्याळ काढलं,
नाव घातलं, अक्षर अक्षर,
आणि सात मिनिटं मोजून चालवलं तिला.
विहीर सापडेना.
एक वटवाघूळ, एक पूल, एक बंद दार.
दारापाशी तिला उभी केली
आणि मशीन बंद केलं.

तराजूत शहाऐंशी. घट नाही.
स्क्रू जागेवर, थेंब जागेवर.
मग तंकप्पनने कॅसेट लावली,
पडद्याकडे बघत राहिला,
दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून जाईपर्यंत.
माझ्या पोटात गोळा.
त्याने चप्पल काढून दिली.
कुठे ठेवायचा कोण जाणे, तीही गार होती.

महिनाभर मी त्या गल्लीत फिरकले नाही.
मग भावाला तोच गेम हवा झाला.
पहिला कप्पा: सुमा. वेळ: एकोणतीस मिनिटं.
म्हणजे त्यालाही वाट लवकर सापडली नव्हती.
ती पुन्हा विहिरीपाशी होती,
पण या खेपेला पलीकडच्या काठाला.

मी दुसऱ्या कप्प्यात खेळले,
आवाज अगदी बारीक करून.