शेवटचा थांबा

अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी विनिपेगमध्ये,
आणि शेवटच्या थांब्यावर, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी,
मागच्या बाकांवर झोपलेल्यांना उठवायचं काम माझंच.
"चला, उतरा," एवढंच म्हणायचे.
उतरून कुठे जायचं, ते नियमांच्या पुस्तकात नव्हतं.

आता निवृत्त आहे.
गुरुवारी रात्री त्याच थांब्याकडे निघते,
नातवाची लाल घसरगाडी बर्फावरून ओढत.
तीत बार्लीच्या सुपाचे दोन थर्मॉस,
व्हॅसलिन, नेलकटर,
गेल्या आठवड्यात धुऊन हीटरवर वाळवलेले मोजे,
आणि काही नवे, घरी विणलेले.

उणे एकतीस. श्वास मफलरवरच गोठून बसतो.
काचेच्या थांब्यात एल्मर, वासिल, वासिलचं कुत्रं,
आणि ती मुलगी, दर खेपेला वेगळं नाव सांगणारी.
आज म्हणाली, "जून."
बरं आहे म्हटलं. तेवढीच ऊब.

"डोरीन, बसचा थांबा बससाठी असतो,"
समोरच्या फ्रीझनबाई खिडकी किलकिली करून सांगतात.
खोटं नाही बोलत.
त्यांच्या सुनेला सातवा महिना,
आणि पहाटे साडेपाचच्या बससाठी
ती बाहेर वाऱ्यात उभी असते.
याला माझ्याकडे उत्तर नाही.
तिच्यासाठी एक जोडी मोजे नेले होते. तिने घेतले नाहीत.

माझा भाऊ गिल्बर्ट म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस.
म्हणतो, बोट दिलं की मनगट धरतात.
त्याला एकदा एल्मरचा डावा हात दाखवायचाय.
परवाच्या जानेवारीनं त्यावर
अडीच बोटं शिल्लक ठेवली.
मनगट धरणार कशानं, गिल्बर्ट?

पालिकेचा एक पोरगेला अधिकारी येऊन गेला.
"तुमच्यासारख्यांमुळेच ही माणसं निवाऱ्यात जात नाहीत."
वासिल म्हणाला, निवाऱ्यात कुत्रं घेत नाहीत.
त्यानं वहीत लिहिलं: कुत्रं.
खाली रेघ ओढली.
पुढे काही झालं नाही.

आत तरी कुठे आरती ओवाळतात!
वासिलला सूप अळणी लागतं.
जूननं नवे मोजे बर्फात भिरकावले, हिरवे म्हणून.
राग आला मला. खरंच आला.
कोपऱ्यापर्यंत तरातरा चालत गेले,
मग आठवलं, हिरवा मलाही आवडत नाही.
म्हणून तर ते तीन वर्षं कपाटात पडले होते.
परत येऊन उचलले, झटकले.
तिला माझ्या पायातले दिले. राखाडी.

पायांचं काम सावकाश करावं लागतं.
ओला मोजा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा
टाचेकडून सोडवत आणायचा,
आत काय निघेल ते ठाऊक नसताना.
तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पहिल्या गुरुवारी माझ्या तोंडावर दिसलं होतं,
तो माणूस पुन्हा आला नाही.

एक दहाची बस आली.
ड्रायव्हर नवा, मी ओळखत नाही.
कुणी चढायचं नव्हतं, कुणी उतरायचं नव्हतं,
तरी त्यानं दार उघडलं
आणि तसंच ठेवलं थोडा वेळ.
गरम हवा आमच्या गुडघ्यांपर्यंत आली.
कुत्र्यानं मान वर केली.
मग दार मिटलं.

एल्मर बसच्या मागच्या दिव्यांकडे बघत होता.
"तू चालवायचीस ही," म्हणाला.
हो.
"मला उतरवायचीस."
हो.
"उतरलो की हॉर्न वाजवून निघायचीस. मोठ्ठा."
त्याची उजवी टाच माझ्या मांडीवर होती,
व्हॅसलिननं चकचकीत.
काही बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

तो जरा थांबला,
आणि दुसरा पाय पुढे केला.