पाटा

कळंबोलीच्या वजनकाट्यावर
आमचं घर चढलं,
आणि आकडा थांबेचना.
दिगंबर म्हणाला, काटा खराब असेल.
मी कांदा-बटाटा बाजारात तेवीस वर्षं
लोकांच्या काटापट्ट्या तपासल्या;
खराब काटा मला वासाने कळतो.
हा बरा होता.
दोन हजार सातशे चाळीस.

घर म्हणजे चाकांवरची पत्र्याची पेटी,
नेरूळच्या सोसायटीत दोन पार्किंग अडवून
चार वर्षं उभी.
सेक्रेटरीच्या तिसऱ्या नोटिशीनंतर निघालो,
तर कोपऱ्याच्या पुलापाशीच
मागून आवाज आला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

लिंबाजी साळुंखे गोणपाटावर पाठ टाकून
खाली सरकला. नुसते पाय दिसत राहिले.
पाय म्हणाले, "पाटा गेला."

मी धावत आत.
ओट्याखाली माझा पाटा,
तुर्भे नाक्यावर वडारणीकडून घेतलेला,
वरवंटा कुशीत घेऊन निवांत.
"आहे की!" मी खिडकीतून ओरडले. "धड आहे!"
खालून हसू आलं,
मग खोकला.

"तो नव्हे, ताई. वाका जरा."

वाकले. साठीनंतर पहिल्यांदाच
स्वतःच्या घराखाली पाहिलं.
मोठ्याखाली धाकटा, त्याखाली त्याहून धाकटा,
पाच पोलादी पट्ट्या.
कधीतरी हसऱ्या ओठांसारख्या असतील,
आता घट्ट मिटलेल्या, सरळ.
तिसरी मधल्या बोल्टापाशी तडकलेली.
"ही आज नाही तुटली," तो म्हणाला.
"बाकीच्या चौघी सांभाळून घेत होत्या."

"नऊ पाटे टाका, ट्रकचे," दिगंबर म्हणाला,
"कटकट नको."
लिंबाजी उठून बसला. ग्रीस पुसत राहिला, बराच वेळ.
"साहेब, फार कडक पाटा खड्डा गिळत नाही,
वर पाठवतो. तुमच्या कपबश्यांना.
सात पुरेत. यू-बोल्ट जाड घेऊ, बुश नवे.
पण ॲक्सल तोच आहे. पाटे वाढवले म्हणून
त्याला नवी हाडं फुटत नाहीत.
ओझं तुम्हीच उतरवा."

दोन दिवस भट्टी पेटली.
पट्टी लाल करायची, कमान द्यायची, तेलात सोडायची.
याला आम्ही पाणी देणं म्हणतो, तो म्हणाला,
देतो मात्र तेल.

चहा पिताना त्याने सांगितलं,
जत आणि मंगळवेढ्याच्या मधे कुठेतरी
बैलगाडीत जन्मलो; आधार कार्डावर कळंबोली आहे.
"आमच्या गाडीला पाटे नव्हते.
आईची पाठ होती."
मग अगदी साधेपणाने विचारलं,
"तुमचा फ्लॅट आहे ना? मग गाडीत का निघालात?"
दिगंबर बोल्ट मोजू लागला.
सोळाच होते.
त्याने तीनदा मोजले.

मी लोखंडाच्या गुंडाळ्यांमधे सतरंजी पसरून
घर उतरवत होते.
दिवाळी अंकांची तीन खोकी. दुसरा सिलिंडर.
मुलीच्या लग्नातला बारा जणांचा डिनर सेट,
ज्यात बारा जण कधीच जेवले नाहीत.
पाट्यापाशी हात थांबला.
तीस किलो तरी असेल.
मिक्सर उतरवला.

काट्यावर पुन्हा: दोन हजार चारशे दहा.
पेटी टाच उंचावून उभी,
कुणी हाक मारल्यासारखी.

निघताना लिंबाजी पळत आला,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही.
तडकलेल्या पट्टीची विळी केली होती त्याने,
धार अजून कोमट.
"टाकून कशाला द्यायचं? पोलाद चांगलं होतं,
जागा चुकली होती."

पैसे घेईना.
मी विळी तळहातावर तोलली, बाजारातल्यासारखी,
आणि काटापट्टीच्या मागे
पेन्सिलीने लिहिलं:
अधिक सव्वा किलो.